ह्यांच्या तोंडाचं ऑपरेशन १४ तारखेला आहे. ज्यांनी हे पाहिलंय त्यांनी कृपया लिहा

नीरेकाठी
९ ऑगस्ट, रात्री ११:४०

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आले, लिहायची ही पहिलीच वेळ.

ह्यांचं वय ४७. आम्ही नीरेकाठचे, थोडी शेती आणि चार गाई. चैत्रात ह्यांच्या डाव्या गालात आतून, खालच्या दाढेला लागून जखम झाली. तालुक्याच्या दातांच्या डॉक्टरांनी आधी मलम दिलं, मग बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या, मग दाढच काढली. जखम भरायची ती वाढतच गेली. साडेतीन महिने त्यात गेले. शेवटी दीर पुढे झाले, पुण्याला नेऊन तुकडा तपासून घेतला. कॅन्सर निघाला.

आता मुंबईला परळमध्ये ऑपरेशन ठरलंय. खालच्या जबड्याचा डावा भाग काढणार, पायातलं हाड तिथे बसवणार, मानेतल्या गाठी काढणार. दहा-बारा तास लागतील म्हणाले. कागदावर 'स्टेज ४ ए' लिहिलंय. ते वाचल्यापासून घरात कोणी धड जेवलेलं नाही. नणंदेने फोनवर रडत विचारलं, "चौथी म्हणजे शेवटचीच ना गं?" मला उत्तर देता आलं नाही.

हे काही बोलतच नाहीत. काल एकच वाक्य बोलले, की मिशी काढायला सांगितलीय. अठराव्या वर्षापासूनची मिशी आहे.

आज ह्यांचा शर्ट धुवायला घेतला तर खिशात तंबाखूची पुडी. ऑपरेशन पाच दिवसांवर आलंय आणि खिशात पुडी! मी ती हातात धरून मोरीतच बसून राहिले. वीस वर्षं सांगत होते. आता भांडू की गप्प बसू, तेही कळेना.

ऑपरेशननंतर माणूस बोलतो का? जेवतो का? ओळखू येतो का? गोड गोड नको, खरं सांगा.

अबोली
१० ऑगस्ट, सकाळी ६:५५

नीरेकाठी, आधी तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरं. बोलतो. जेवतो. ओळखू येतो. तिन्ही गोष्टींना वेळ लागतो आणि तिन्ही थोड्या बदलतात.

मी शाळेत शिकवते. २०१९ साली माझ्या जिभेच्या डाव्या कडेचा कॅन्सर निघाला. आयुष्यात तंबाखू, सुपारी, काही नाही. एका तुटक्या दाढेची धार जिभेला वर्षभर घासत होती आणि मी आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले. तरी प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारायचा, "तंबाखू खायचात का?" त्या प्रश्नाने किती तुटायला होतं ते मला माहीत आहे. ज्याने खरंच खाल्लीय, त्याचं काय होत असेल याची कल्पना करा. तुमचे 'हे' गप्प आहेत ते बहुतेक त्यामुळेच.

आता ऑपरेशनच्या दिवसांबद्दल. पहिल्यांदा आत सोडतील तेव्हा मन घट्ट करून जा. तोंड सुजून दुप्पट झालेलं असेल. नाकात अन्नाची नळी, गळ्याला छोटं भोक पाडून श्वासाची नळी, मानेतून बाहेर आलेल्या दोन बारीक नळ्या आणि त्यात लालसर पाणी. मला बघून माझा भाऊ भिंतीला टेकला होता. हे सगळं तात्पुरतं असतं. सूज दोन-तीन आठवड्यांत बरीच उतरते. मुलं लहान असतील तर पहिल्या आठवड्यात नेऊ नका, आणि नेलंत तर आधी सांगून न्या.

गळ्यात नळी असेपर्यंत आवाज फुटत नाही. म्हणून एक काम आजच करा, मुलांची पाटी आणि पेन्सिल पिशवीत टाका. मोबाइलवर टाइप करायला त्या दिवसांत हात स्थिर नसतात. पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिता येतं.

माझं बोलणं आज सहा वर्षांनी असं आहे: 'र' आणि 'ळ' नीट येत नाहीत, बाकी सगळं येतं. परत रुजू झाले त्या दिवशी फळ्यावर लिहिलं, "बाईंच्या जिभेचं ऑपरेशन झालंय, कळलं नाही तर पुन्हा विचारा." सातवीची पोरं. आठवड्यात त्यांना सगळं कळायला लागलं.

कानघसा
१० ऑगस्ट, दुपारी १:१५

कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे, डोकं आणि मान यांच्या कॅन्सरच्या विभागात काम करतो. इथे सल्ला देता येत नाही, तो तुमच्या सर्जनचाच घ्यायचा. पण 'स्टेज ४ ए' बद्दल लिहिलंच पाहिजे, कारण या एका आकड्यामुळे लोक उपचार न घेताच घरी परततात.

तोंडाच्या कॅन्सरमध्ये चौथ्या स्टेजचे तीन भाग आहेत. गालातली किंवा हिरडीची गाठ जबड्याच्या हाडात शिरली की ती थेट ४ ए मध्ये जाते, मग बाकी शरीरात कुठेही काही नसलं तरी. हिरडीच्या खाली लगेच हाडच असतं, त्यामुळे हे सहज होतं. फुप्फुसात किंवा दूर कुठे पसरलेला असेल तर ती ४ सी. ४ ए मध्ये ऑपरेशन करतात ते रोग मुळासकट काढायच्या इराद्याने. काही दिवस वाढवून देण्यासाठी दहा-बारा तासांचं ऑपरेशन आणि पायाचं हाड घेऊन जबडा बांधणं, एवढा खटाटोप कोणी करत नाही. नणंदेला हे माझ्या शब्दांत वाचून दाखवा. रोग गंभीर आहे, पण बरं करण्यासाठीच उपचार चाललेत.

पायाच्या हाडाबद्दल: गुडघ्याखाली दोन हाडं असतात. घेतात ते बाहेरच्या बाजूचं बारीक हाड. शरीराचा भार मुख्यतः जाड हाडावर असतो, आणि घोट्याजवळचा व गुडघ्याजवळचा तुकडा जागेवर ठेवतात. चालता येतं, शेतात जाता येतं.

पुडीबद्दल. भांडण राहू द्या, पण ही गोष्ट सर्जनला आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगितलीच पाहिजे. नवीन हाडाच्या रक्तवाहिन्या मानेतल्या वाहिन्यांना जोडतात, त्या दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या असतात. निकोटिनने रक्तवाहिन्या आखडतात. आत्ता सोडलेला प्रत्येक दिवस उपयोगाचा आहे. सोडायला मदत लागली तर सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६.

आणि एक: ऑपरेशननंतर रेडिएशन लागणार असेल तर ते साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं. त्याची तारीख, दातांची तपासणी, सगळं दवाखान्यात असतानाच विचारून ठेवा. खराब दात रेडिएशनच्या आधी काढावे लागतात. नंतर त्या जबड्यातला दात काढणं धोक्याचं असतं, हाड भरून येत नाही.

वऱ्हाडी_गडी
१० ऑगस्ट, रात्री ९:३०

ताई, मी खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, खाणारा माणूस. कॉलेजपासून खाल्ला, पंधरा वर्षं. वय ३८. तीन वर्षांपूर्वी नागपुरात गालाचं ऑपरेशन झालं.

पुडीचं मी सांगतो, कारण मी त्या जागी होतो. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी माझ्याही खिशात पन्नी होती. खायची इच्छा नव्हती, तोंड तर उघडतच नव्हतं. पण ती खिशात नसली की हात थरथरायचा. बायकोने पाहिलं आणि काहीच बोलली नाही, नुसता हात पुढे केला. मी दिली. त्या दिवसापासून आजवर शिवलो नाही. ती ओरडली असती तर मी रागात आणखी एक आणली असती, हे मी मनापासून सांगतो. आपल्याकडे २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे आणि टपरीवर काय मिळत नाही ते विचारा. माणूस एकटा त्याच्याशी लढू शकत नाही. तुम्ही हात पुढे करा.

पैशाचं: रेशनकार्ड आणि आधार घेऊन महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा, रुग्णालयातच बसतो. वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत आहे. ऑपरेशनच्या आधी भेटा, नंतर नाही. रेल्वेचा फॉर्म डॉक्टरांकडून भरून घ्या, उपचारासाठी जाता-येताना स्लीपरला रुग्णाचं तिकीट पूर्ण माफ, सोबतच्या माणसाला ७५ टक्के सवलत. राहायला दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समिती आहे. चिठ्ठी लागते, समाजसेवा विभागात विचारा.

निसर्गप्रेमी
११ ऑगस्ट, सकाळी १०:०५

ताई, एवढं कापाकापीचं करण्याआधी एकदा वैद्याचा काढा करून बघा. माझ्या ओळखीत एकाची गाठ दीड महिन्यात विरघळली. महिनाभर थांबायला काय हरकत आहे? आपला भाऊ समजून सांगतोय.

मांजराकाठ
११ ऑगस्ट, सकाळी १०:४०

निसर्गप्रेमी, तुम्ही चांगल्या मनाने लिहिलंय हे कळतं. तरीही नीरेकाठीताईंनी हे वाचून थांबू नये म्हणून लगेच लिहितोय.

माझ्या बाबांची जखम पहिल्यांदा दाखवली तेव्हा गालात सुपारीएवढी होती. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली. आम्ही घाबरलो आणि कोणीतरी सांगितलेली पूड घ्यायला गेलो. दर रविवारी रांग, दर वेळी सोळाशे रुपये. पूड लावल्यावर दुखणं कमी व्हायचं, त्यामुळे वाटायचं गुण येतोय. नऊ आठवडे गेले. परत गेलो तेव्हा गालाला बाहेरून भोक पडलं होतं आणि ऑपरेशनची वेळ टळलेली होती. बाबा त्या पौषात गेले. मला त्या नऊ आठवड्यांचं ओझं रोज असतं.

ताई, १४ तारीख मिळाली आहे ना? ती सोडू नका. दुसरं काही म्हणणं नाही माझं.

अबोली
११ ऑगस्ट, रात्री ८:२०

मांजराकाठ, तुम्ही हे लिहिलंत, फार मोठी गोष्ट केलीत. बाबांना तुम्ही बरं करायलाच घेऊन गेला होतात.

नीरेकाठी, मी तेव्हा एका गोष्टीवरून सर्जनशी वाद घातला होता, तो सांगते. माझी गाठ लहान, मान सोनोग्राफीत स्वच्छ. मग मान का चिरायची? तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं, की टाटा रुग्णालयातच याचा मोठा अभ्यास झाला आणि तो २०१५ साली जगभर गाजला. सुरुवातीच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये मानेतल्या गाठी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढल्या तर तीन वर्षांनी ८० टक्के लोक हयात होते. गाठ वर येईपर्यंत थांबलेल्यांत ६७.५ टक्के. मी मान पुढे केली. माझ्या मानेतल्या एका गाठीत सूक्ष्म कॅन्सर निघाला, जो सोनोग्राफीला दिसला नव्हता.

म्हणजे आपल्याच मुंबईत, आपल्यासारख्याच माणसांवर झालेल्या अभ्यासातून हे उपचार उभे राहिलेत. मला त्या विचाराने फार बळ आलं होतं.

नीरेकाठी
१३ ऑगस्ट, रात्री ९:१०

सगळ्यांना हात जोडते. नणंदेला 'कानघसां'चं वाचून दाखवलं. ती म्हणाली परत वाच, मग परत वाच.

वऱ्हाडीदादा, मी तसंच केलं. काही न बोलता हात पुढे केला. हे दोन मिनिटं नुसते बघत राहिले. मग पुडी दिली. मग उठून पिशवीतून दुसरी काढून दिली, गोठ्यातल्या कोनाड्यात लपवलेली, येताना बरोबर घेतली होती. मग म्हणाले, "तुला फार त्रास दिला."

आज परळला एका न्हाव्याकडे मिशी काढली. उद्या सकाळी साडेसातला नेणार आहेत. पाटी पिशवीत आहे.

नीरेकाठी
१६ ऑगस्ट, दुपारी ४:००

अकरा तास चाललं. झालं. हाड बसलंय, रक्तपुरवठा चांगला आहे म्हणाले. दर तासाला येऊन आतली कातडी बघतात, यंत्र लावून ठोके ऐकतात, रात्रीसुद्धा.

अबोलीताईंनी सांगितलं होतं म्हणून मी उभी राहू शकले. दीर बाहेर जाऊन रडले.

आज दुपारी ह्यांनी खूण करून पाटी मागितली. मला वाटलं पाणी हवं असेल, दुखत असेल. वाकड्या अक्षरात लिहिलं, "तांबडी व्याली का".

व्याली. कालवड झाली. सांगितलं तर डोळे मिटले आणि माझा हात दाबला.

वऱ्हाडी_गडी
१६ ऑगस्ट, दुपारी ४:१२

ताई वाचून डोळ्यात पाणी आलं. गाईची चौकशी करणारा माणूस बरा होऊन घरी येतो बघा.

नीरेकाठी
३० ऑगस्ट, सायंकाळी ६:३०

गणपतीच्या आदल्या दिवशी घरी आलो. गळ्यातली नळी निघाली, आवाज आला. तोंडात भाकरी कोंबून बोलल्यासारखा येतो पण मला सगळं कळतं. मोठ्या रिपोर्टमध्ये काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ, मानेतल्या एका गाठीत रोग. रेडिएशन ३० वेळा, घटस्थापनेपासून. केमो नको म्हणाले.

नाकातल्या नळीतून जेवण चालू आहे. मी नुसतं दूध आणि पेज देतेय आणि वजन ६१ वरून ५५ झालं. काय देऊ? खांदाही वर होत नाही डावा.

लेकुरवाळी
३० ऑगस्ट, रात्री १०:००

माझ्या सासूबाईंना चार महिने नळी होती, मी शिकले ते लिहिते. तुमच्या आहारतज्ज्ञांना दाखवून घ्या.

नुसत्या पेजेत ताकद नसते. नाचणीचं पीठ आणि भाजलेल्या मुगाचं पीठ समभाग घेऊन दुधात शिजवायचं, वरून चमचाभर शेंगदाण्याचं तेल किंवा तूप. दुसऱ्या वेळी मुगाचं कढण, त्यात उकडलेला बटाटा आणि गाजर मिक्सरला अगदी बारीक करून. अंडं चालत असेल तर पूर्ण उकडून त्यातच वाटायचं, कच्चं कधीच नाही. गाईचं दूध घरचं आहे तर घट्ट दही लावून त्याचं ताक न करता तसंच फिरवून द्या. सगळं सुती फडक्यातून गाळायचं. दाणा राहिला की नळी तुंबते, आणि तुंबली की पुन्हा दवाखाना.

दर दोन तासांनी २०० मिली, दिवसातून आठ-नऊ वेळा. बसवून द्यायचं, मोठ्या सिरिंजचा दट्ट्या काढून नुसतं ओतायचं, आपोआप खाली जाऊ द्यायचं. दाबून ढकलायचं नाही. नंतर अर्धी वाटी उकळून गार केलेलं पाणी सोडायचं आणि अर्धा तास झोपू द्यायचं नाही. दर सोमवारी सकाळी वजन, भिंतीवर लिहून ठेवा.

कानघसा
३१ ऑगस्ट, सकाळी ७:३०

वरचं चांगलं आहे. खांद्याचं: मानेतल्या गाठी काढताना खांदा उचलणारी नस ओढली जाते. भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंतीवर चढत जायचं, रोज कालच्या खुणेच्या वर. फिजिओकडून शिकून घ्या, टाळलंत तर खांदा आखडतो.

नीरेकाठी
१५ ऑक्टोबर, रात्री १२:१०

कोणी जागं आहे का?

धर्मशाळेत आहोत. रेडिएशनचे १७ झाले, १३ राहिले. आज हे म्हणाले, उद्यापासून जाणार नाही. तोंडात सगळं सोलून निघालंय, पांढरं पांढरं आलंय. थुंकी गिळता येत नाही, टॉवेल लावून बसतात. चेहऱ्यावर तो जाळीचा मुखवटा घट्ट बसवतात तेव्हा ह्यांना गुदमरतं. म्हणतात, एवढं भाजून घेऊन जगायचं कशाला, सतरा पुरे झाले. दिवाळीला घरी जाऊ.

मी काय बोलू? मलाही बघवत नाही.

अबोली
१५ ऑक्टोबर, रात्री १२:२५

जागी आहे. फोन त्यांच्या हातात द्या, मी त्यांनाच लिहिते.

दादा, मी अबोली. माझा एकोणिसावा दिवस होता. मी पायऱ्यांवर बसले आणि भावाला म्हटलं, आता नाही. तुम्हाला जे होतंय ते अक्षरशः माझ्या तोंडात झालेलं आहे. पाण्याचा घोट काचेसारखा लागतो. झोपेत थुंकी उतरली की दचकून जाग येते.

मला कोणी "धीर धरा" म्हटलं की राग यायचा, म्हणून तसं म्हणत नाही. फक्त उद्याचं बघा. उद्या अठरावं. तीस मोजू नका. मी मुखवट्याखाली पाढे म्हणायचे, मनात, एकोणतीसच्या पाढ्यापर्यंत मशीन थांबायचं. तुम्ही भजन म्हणता असं ताई म्हणाल्या नाहीत, पण काहीतरी तुमचं असेलच. गाईंची नावं घ्या, वासरांची घ्या, आजोबांच्या काळापासूनची. ती संपायच्या आत बाहेर याल.

आणि उद्या मशीनवर जाण्याआधी डॉक्टरांना तोंड उघडून दाखवा. "बरंय" म्हणू नका. आपण सगळे "बरंय" म्हणतो आणि खोलीत येऊन रडतो.

कानघसा
१६ ऑक्टोबर, पहाटे ५:४०

आत्ता पाहिलं. थोडक्यात आणि महत्त्वाचं.

मध्येच थांबणं सगळ्यात वाईट. उरलेल्या पेशी त्या सुट्टीत पुन्हा वाढतात आणि आधीचे सतरा दिवस वाया जायला लागतात. दुखणं सहन करत बसायचं मात्र कारण नाही. पांढरा थर बुरशीचा असू शकतो, त्याला औषध आहे. बधिर करणारं जेल जेवणाआधी लावतात. साध्या गोळ्या पुरत नसतील तर मॉर्फिन मागा, त्याचं नाव ऐकून घाबरू नका. दुखण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतल्याने सहसा कोणी व्यसनी होत नाही. एक लिटर कोमट पाण्यात एक चमचा मीठ, एक चमचा खाण्याचा सोडा, दर दोन तासांनी नुसतं तोंडात खेळवून थुंकायचं. मुखवट्याची भीती वाटते हे तंत्रज्ञाला सांगा, तो बाहेरून कॅमेऱ्यात बघत असतो, हात वर केला की मशीन थांबवतो.

नीरेकाठी
१६ ऑक्टोबर, दुपारी २:५०

गेले. अठरावं झालं.

अबोलीताई, तुमचं लिहिलेलं त्यांनी तीनदा वाचलं, मला वाचू दिलं नाही. बुरशीच निघाली. औषध दिलंय, दुखण्याचं सिरपही. मुखवट्याखाली काय म्हटलं विचारलं, तर म्हणाले, "हरणी, कपिला, चांदी..." पणजोबांच्या खिलाऱ्यांपासून सुरुवात केली होती.

नीरेकाठी
६ नोव्हेंबर, सायंकाळी ५:१५

तीस. झाले. मुखवटा बरोबर दिला, मी तो पिशवीच्या तळाशी ठेवलाय.

कानघसा
६ नोव्हेंबर, रात्री ८:००

अभिनंदन, मनापासून. एक आधीच सांगतो म्हणजे घाबरणार नाही: पुढचे आठ-दहा दिवस तोंड आणखी दुखेल. परिणाम शेवटच्या दिवसानंतरही चढत राहतो, मग उतरतो. चव यायला महिने लागतात. तोंड उघडण्याचे व्यायाम सोडू नका, रेडिएशननंतर स्नायू आखडत जातात आणि ते हळूहळू, नकळत होतं.

नीरेकाठी
८ फेब्रुवारी, सकाळी ११:३०

तीन महिन्यांची तपासणी झाली. स्कॅन स्वच्छ. आता दर दोन महिन्यांनी बोलावलंय, पहिली दोन वर्षं जास्त जपायची म्हणाले. नाकातली नळी डिसेंबरात निघाली. वजन ५८.

तोंड उघडण्याच्या व्यायामाच्या काड्यांचं सांगते, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या, स्वच्छ धुतलेल्या, एकावर एक रचून दातांमध्ये सरकवायच्या आणि अर्धा मिनिट धरायच्या. दिवसातून पाच वेळा. एक काडी साधारण दोन मिलिमीटर. निरोगी तोंड ३५ ते ४५ मिलिमीटर उघडतं, म्हणजे स्वतःची तीन बोटं उभी जायला हवीत. डॉक्टरांनी परवानगी दिली तेव्हा ह्यांच्या सात काड्या जात होत्या. नववी काडी सरकवायला अठरा दिवस लागले. ह्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं, मी म्हणायचे आज राहू द्या, तर हेच हाताने खूण करायचे, लाव. धाकटी मुलगी कॅलेंडरवर रोज आकडा लिहिते. आज चौदा.

वऱ्हाडी_गडी
८ फेब्रुवारी, दुपारी १२:०५

चौदा! माझ्या आजही सोळाच जातात ताई. मी आळस केला होता पहिले सहा महिने. दादांना सांगा, मला मागे टाका. शरद पवारांचं २००४ मध्ये तोंडाचंच ऑपरेशन झालं, दोन दशकं झाली, माणूस सभा गाजवतोय. माझ्या आईने तेव्हा हेच सांगून मला उठवलं होतं.

नीरेकाठी
२१ मार्च, रात्री ८:४५

नमस्कार. मी ह्या बाईंचा नवरा लिहीत आहे. टाइप करायची सवय नाही, चुका समजून घ्या.

मागच्या महिन्यात उजव्या बाजूची दाढ दुखायला लागली. इथल्या दातांच्या डॉक्टरांनी उपटायची तयारी केली होती. मी कागद दाखवला आणि थांबवलं. मुंबईला फोन केला. त्यांनी सांगितलं उपटू नका, कीड काढून भरून घ्या. तसं केलं. डॉक्टर कानघसा यांनी ऑगस्टात लिहिलेलं माझ्या लक्षात होतं. दुसरं म्हणजे फार थकवा यायचा, थंडी वाजायची. थायरॉइड कमी निघालं. मानेला रेडिएशन झालेल्यांनी ते वर्षातून एकदा-दोनदा तपासून घ्यावं म्हणतात. रोज सकाळी एक गोळी चालू आहे.

परवा पाडवा झाला. पुरणपोळी दुधात कुस्करून खाल्ली. वेलदोड्याची चव आली, गुळाची अजून निम्मीच येते. एक पोळी खायला पाऊण तास लागला. कोणी ताटावरून उठलं नाही.

अबोलीताई, त्या रात्रीचं तुमचं लिहिणं मी वहीत उतरवून ठेवलं आहे. मांजराकाठ भाऊ, तुम्ही लिहिलं नसतं तर मी थांबलो असतो. पूड आणायला माणूस पाठवायचं मी दिराला, म्हणजे माझ्या भावाला, सांगितलेलं होतं. हे घरात कोणाला माहीत नव्हतं.

वऱ्हाडी भाऊ, आज सतरा गेल्या.

मिशी उजवीकडे पूर्वीसारखी आली. डावीकडे रेडिएशनच्या जागेवर विरळ आहे, तिथे येणार नाही म्हणतात. न्हावी म्हणाला काढून टाकू का. मी म्हटलं राहू दे.